आकाशातल्या कुत्रीची तब्येत

रशियाने आकाशात कुत्री सोडली तेव्हा साऱ्या जगाने यंत्राचं कौतुक केलं. पण त्या कुत्रीला वर सर्दी झाली असेल का, या काळजीने ज्याचं जेवण सुटलं असा माणूस पृथ्वीच्या पाठीवर एकच होता, आणि तो आमच्या मंगरूळपीरला राहत होता. पृथ्वीवरच्या इतर माणसांची मी चौकशी केलेली नाही हे कबूल. पण मामांना ओळखणारा कोणीही तशी चौकशी करायला हवी होती असं म्हणणार नाही. ते माझ्या बायकोचे सख्खे मामा, म्हणजे नात्याने माझे मामेसासरे. नोकरीने सरकारी देवी टोचणारे. मंगरूळपीरपासून मानोऱ्याच्या बाजूची खेडी आणि तांडे त्यांच्याकडे होते. सायकलच्या हँडलला ओल्या फडक्यात गुंडाळलेलं एक मडकं टांगलेलं, मडक्यात लसीच्या नळ्या, आणि वर स्वतः मामा, उंच, किडकिडीत, डोक्यावर काळी टोपी. उन्हात थांबायची वेळ आली तर आधी मडक्याला सावली बघत, जागा उरली तर स्वतः उभे राहत. गावातली माणसं त्यांना तोंडावर 'डाक्टर' म्हणत, पाठीमागे 'टोच्या' म्हणत, आणि ते समोरून येताना दिसले की काहीही न म्हणता तुरीत शिरत.

मामा माणसाला ओळखत ते दंडावरून. देवीची लस टोचली की दंडावर जो गोल वण राहतो, तो त्यांच्या लेखी माणसाचा खरा चेहरा. "तोंडाचं काय हाय," ते म्हणत, "दाढी वाढवली का बदललं. वन नाई बदलत. वन म्हंजे आंगानं केलेली सही हाय." मी मुलगी पाहायला कारंज्याला गेलो होतो तेव्हाची गोष्ट. वडीलधाऱ्यांनी शिक्षण विचारलं, नोकरी विचारली, गोत्र विचारलं. सगळं रीतसर चाललं होतं, तेवढ्यात कोपऱ्यातले एक किडकिडीत गृहस्थ उठून माझ्यासमोर आले आणि म्हणाले, "बाही वर करा." सदरा नवीन होता, बाही घट्ट होती, ती कोपराच्या वर चढेना. तेव्हा त्या गृहस्थांनी माझा अर्धा सदरा उतरवला, मला दंडाला धरून खिडकीच्या उजेडात नेलं आणि कापसाचा धागा पाहावा तसा माझा दंड निरखू लागले. नेमकी त्याच वेळी मुलगी पोह्यांचं ताट घेऊन बाहेर आली. माझ्या बायकोने मला आयुष्यात प्रथम पाहिलं ते असं, एका बाजूने कपडे घातलेलं. मामांनी निकाल दिला, "दोन वन निंघाले. एक जरा वरवर हाय, दुसरा झकास. पोरगी द्याले काई हरकत नाई." बायकोला मी पुढे अनेकदा विचारलं की तू कशाला होकार दिलास. ती म्हणते, एवढं होऊनही हा माणूस पोहे खायला बसला, यावरून स्वभाव कळला.

लग्नानंतर थोड्याच दिवसांत मला मंगरूळपीरच्या शाळेत नोकरी लागली आणि मामांच्या शेजारची खोली मिळाली. तेव्हा त्यांचा सिद्धांत मला रोज सकाळी चहाबरोबर मिळू लागला. सिद्धांत असा की, अंगाला आठवण असते. रक्तात पहारेकरी असतात. त्यांना एकदा चोराचा चेहरा दाखवला की ते तो विसरत नाहीत. लस टोचणं म्हणजे चोराचा चेहरा दाखवणं. पण हे पहारेकरी जमिनीला बांधलेले असतात. "मानसाचे पाय ओळखीच्या जागेवर हाय तवापर्यंत तो जागा हाय. जागा बदलली का आंग गांगरते, जवाईबापू. मंग चोर समोरून गेला तरी रामराम करते." म्हणून मामा परगावी जाताना मंगरूळपीरच्या विहिरीचं पाणी घागरीतून नेत. कामरगावला एका लग्नात ते घागर घेऊन उतरले आणि पहिल्या दिवशी बरंचसं घरचं पाणी आणि थोडं तिथलं, दुसऱ्या दिवशी निम्मं निम्मं, असं मोजून पिऊ लागले. मुलीच्या बापाला वाटलं, आपल्या विहिरीला यांनी नावं ठेवली. तो हात जोडून समोर आला. मामा त्याला म्हणाले, "तुमचं पानी चांगलंच हाय हो. मी फकस्त आतल्याइची वळख करून देऊन राह्यलो."

याच सिद्धांताला दुसरी एक शाखा होती आणि ती अधिक धोक्याची होती, कारण तीत लोकांच्या लेकीसुनांची नावं येत. मामांचं म्हणणं, माणसाच्या अंगात त्याच्या बापजाद्यांच्या साऱ्या खोडी बियासारख्या भरून ठेवलेल्या असतात. पण सगळ्या एकदम उगवत नाहीत. काही जाग्या, काही झोपलेल्या. कोणती खोड कधी उठायची ते जागा ठरवते. "तीच ज्वारी काळ्या वावरात टाका अन् तीच बरडावर टाका. बी बदललं का? नाई. मंग कनीस काहून बदललं?" आमच्या गल्लीतल्या एका मुलीला माहेरी असेपर्यंत कधी शिंक आली नव्हती. लग्न होऊन सासरी गेली आणि सकाळी उठल्यापासून शिंकायला लागली. सासरचे म्हणाले, आजार लपवून पोरगी दिली. प्रकरण भांडणावर आलं तेव्हा मामा आपण होऊन मध्यस्थीला गेले आणि भर बैठकीत म्हणाले, "ही शिंक पोरीची नाई. हे तिच्या आजीची हाय. मी आयकेल हाय ना! आजी तं शिंकली का खुंट्यावरचं वासरू उधळे. थे शिंक इच्यात निजेल होती. तुमच्या घरी येऊन जागी झाली. यात लपवनं कायचं?" सासरच्यांना हे पटलं असं नाही, पण मुलीच्या सासूला लग्नात ऐकलेली आजीची शिंक आठवली, ती हसायला लागली, आणि भांडण राहून गेलं. मामी मात्र म्हणाल्या, "तुमच्या पाहारेकऱ्याइचं मले ठाव नाई, पन तुमचं डोक्सं कधीचं गांगरेल हाय." मामी बुटक्या, ठसठशीत, कमी बोलणाऱ्या. टोचण्या उकळून देण्याचं काम त्यांचं. त्या कामात आणि मामांच्या सिद्धांतात त्यांनी कधी गल्लत होऊ दिली नाही.

अशा माणसाच्या कानावर ती बातमी गेली. बाजारात सरकीच्या शेठकडे रेडिओ होता. शेठ तो कापसाच्या भावांसाठी लावत, आणि भाव सांगून झाले की बंद करण्याआधी जे काही कानावर पडेल ते गावाचं जागतिक ज्ञान. मामा घरी आले तेच धापा टाकत. "जवाईबापू, आयकलं का? कुत्री वरते गेली!" मी म्हणालो, होय, पेपरात येईल आता. "पेपरचं सोडा. तिचे पाय कुठी हाय सांगा?" मला कळेना. "अहो, जमिनीवरून उचलून दुसऱ्या गावी नेलं तं मानसाले पडसं होते. तिले तं जमिनीवरूनच उचललं. वर नाई, खाल नाई. तिचे पाहारेकरी कोनच्या दरवाज्यावर उभे राह्यतीन?" त्या दिवशी ते अर्ध्या भाकरीवर उठले. लोकांना कुत्री आत श्वास कशी घेते याचं नवल वाटत होतं, मामांना तिला वर गेल्यावर जुनी खरूज उलटेल का याची चिंता. चौकात कोणी यंत्राच्या वेगाचं बोलू लागला की ते त्याला थांबवत, "वेग जाऊ द्या हो. तिचा ताप पाह्यला का कोनी?"

त्याच सुमारास वरचे एक अधिकारी लसीचं काम पाहायला आले. त्यांनी जाताना रिवाजाप्रमाणे विचारलं, काही अडचण? मामांनी विचारलं, "साहेब, त्या कुत्रीले लस टोचली होती का हो?" साहेबांना आकाशातली कुत्री ठाऊक नव्हती किंवा त्या क्षणी आठवली नाही. ते गंभीर झाले. त्यांना वाटलं गावात पिसाळलेली कुत्री सुटली आहे आणि ती कोणाला तरी चावली आहे. पुढचे कितीतरी दिवस मंगरूळपीरला मोकाट कुत्र्यांचा बंदोबस्त चालू होता. मामा ज्या गल्लीतून जात त्या गल्लीतली उरलीसुरली कुत्रीही त्यांना बघून तुरीकडे जाऊ लागली.

हे हसण्यासारखं असलं तरी मामांचे ते दिवस बरे नव्हते. मानोऱ्याच्या बाजूला एका तांड्यात देवीची लागण झाल्याची खबर आली होती. आजूबाजूच्या तांड्यांवरची बरीच माणसं कामाला बाहेरगावी जाणारी. ती आजार घेऊन येत-जात, आणि टोचून घ्यायचं म्हटलं की दारं लावून घेत. टोचल्याने देवी रागावते असा समज. मामा सकाळी मडकं भरून जात आणि संध्याकाळी तसंच भरलेलं परत आणत. उन्हातान्हात फिरून लस निकामी होई, ती ओतून टाकताना कोणाशी बोलत नसत. एकदा मला म्हणाले, "लोक मले भेतात त्याचं काई नाई, जवाईबापू. माह्यावर हसत असते तं चाललं असतं. थे माह्याकडे पाह्यतच नाई."

मग उरूस आला. मंगरूळपीरच्या दर्ग्याचा उरूस म्हणजे चहूकडचे तांडे, खेडी सगळी एका मैदानात. त्यात लाकडी आकाशपाळणा येई, चार पेट्यांचा, दोन माणसं दांड्यांना लोंबकळून फिरवत असा. मामा त्यासमोर बराच वेळ उभे होते. घरी येऊन त्यांनी जाहीर केलं की कुत्रीला काय होत असेल ते आपण स्वतः पाहणार. पाळणा वरून खाली येताना पोटात गोळा येतो ना, तेवढा वेळ माणूस जमिनीचा नसतो. असे गोळे दिवसभर घ्यायचे. अंग पुरतं गांगरलं की उतरायचं आणि लगेच देवी टोचून घ्यायची. मामांनी आजवर स्वतःला इतक्यांदा टोचून घेतलं होतं की त्यांच्या दंडावर लस आता नुसती खाजून जाई. यावेळी जर तान्ह्या लेकरासारखा टपोरा फोड आला, तर अंग विसरलं हे सिद्ध. मामींनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "अन् फोड नाई आला तं?" मामा म्हणाले, "तं कुत्री खुशाल हाय."

दुसऱ्या दिवशी सकाळीच मामा एका पेटीत जाऊन बसले. पाळणेवाला भला माणूस. त्याच्या लेकरांना मामांनीच टोचलं होतं, म्हणून नाही म्हणेना. पण त्याने एक अडचण सांगितली. "डाक्टर साब, एक तरफ वजन रहा तो पालना उलार होता. सामने के डिब्बे में कोई जमाके बैठनेवाला मंगता." मामांनी माझ्याकडे पाहिलं. मामी म्हणाल्या, "जवायाले कायले वर पाठवता, बाप्पा!" पण मामांचा शब्द मोडायची मला लाज वाटली, आणि मी समोरच्या पेटीत बसलो. त्यानंतरच्या दिवसाबद्दल मला नीट सांगता येणार नाही, कारण तो मी बहुतेक डोळे मिटून काढला. मामा वर असले की मी खाली, मी वर गेलो की मामा खाली. मध्ये क्षणभर आम्ही एका उंचीला येत असू, तेवढ्यात ते ओरडत, "जवाईबापू, गोळा आला का?" मी हो म्हणेपर्यंत ते दिसेनासे होत. पुढच्या फेरीला, "कितीक वेळ टिकला?" उत्तर द्यायला मी तोंड उघडलं तेव्हा उत्तराऐवजी सकाळचा नाश्ता बाहेर आला, आणि खाली चुरमुरे विकणाऱ्याला आपलं दुकान हलवावं लागलं.

एव्हाना पाळण्याभोवती गर्दी जमली होती. ज्याला बघून आपण आयुष्यभर पळालो तो टोच्या एका पेटीत कोंडलेला आहे आणि त्याला खाली उतरून आपल्यामागे येता येत नाही, ही गोष्ट तांड्यांवरच्या लोकांना फार आवडली. ते हसत होते, बोटं दाखवत होते. पण वरून मामांना सगळं मैदान दिसत होतं. एरवी पाठमोरी दिसणारी माणसं आज त्यांना तोंडाने दिसत होती. पाळणा वर गेला की त्यांचा आवाज येई, "ए झामसिंग! तुह्या पोराचं राह्यलं टोचाचं!" पाळणा खाली जाई, परत वर येई. "टोपलीमांगं लपू नको वं बाई, मी पाह्यलं तुले!" गर्दी पोट धरून हसत होती. ज्याचं नाव निघे त्याला बाकीचे पुढे ढकलत. झामसिंग लाजून लाल झाला, पण पळाला नाही. चिंचेखाली उभ्या असलेल्या मामी तेवढ्या हसत नव्हत्या. त्या पाळण्याच्या खिळ्यांकडे बघत होत्या.

दुपार कलल्यावर मामा उतरले. उतरले म्हणजे त्यांना उतरवण्यात आलं. दोघांनी काखेत धरलं होतं, तरी त्यांचे पाय जमीन शोधत होते. चेहरा सुजल्यासारखा, डोळे लाल, आणि त्यावर विलक्षण आनंद. "आंग गेलं हाय, जवाईबापू! पुरं इसरलं हाय! टोचा मले लवकर!" मी तेव्हा चिंचेखाली उताणा पडलो होतो आणि माझ्यावरून आकाश अजून फिरत होतं. मामांनी स्वतःच टोचणी उचलली, तर ती दोनदा दंडाच्या बाजूला हवेतच फिरली. शेवटी मामी पुढे आल्या. त्यांनी मामांची बाही वर सारली, दंड पुसला, लसीचा थेंब ठेवला, आणि शेवटाला दात्यांची चकती असलेली ती टोचणी दंडावर टेकवून गर्रकन फिरवली. सगळ्या संसाराचा हिशेब त्या एका फिरकीत चुकता झाला असावा. मामा ओरडले, "अगं आई गं!"

गर्दी एकदम गप्प झाली. मग पुढे उभी असलेली, हातभर बांगड्या घातलेली एक तांड्यावरची बाई शेजारणीला म्हणाली, "डाक्टरले बी दुखते वं!" ती थोडी जवळ आली. मामांच्या दंडाकडे पाहिलं, मामींच्या हाताकडे पाहिलं, आणि कडेवरची पोरगी पुढे करून मामींना म्हणाली, "इले टोच. पन तू टोच. त्यानं नाई." मामी गोंधळल्या. हे सरकारी काम, टोचायचा अधिकार मामांचा. मामा जमिनीवर बसूनच म्हणाले, "अवं टोच ना! मडक्यातलं गरम होऊन राह्यलं!" मामींनी टोचलं. मग झामसिंगाने आपला पोरगा आणला. मग टोपलीमागची बाई आली. चिंचेखाली रांग लागली, आणि रांगेत पुढे जायला माणसं भांडत होती, हे मी पडल्या पडल्या पाहिलं. मामा मडक्याशी बसून नळ्या काढून देत होते, आणि मामी टोचत होत्या, न बोलता, एकामागून एक. संध्याकाळी मडक्यात नुसतं ओलं फडकं उरलं.

प्रयोगाचा निकाल मात्र घोटाळ्याचा लागला. मामांच्या दंडावर फोड आला नाही. नेहमीसारखी खाज सुटली आणि गेली. मामा हिरमुसले. पण दोन दिवसांत त्यांना जोराचं पडसं झालं, ताप आला, आणि कमरेच्या एका बाजूला पुरळाचा पट्टा उठला. नागीण. गावच्या वैद्यांनी सांगितलं, उष्णता झाली. मामी म्हणाल्या, वारा लागला. मामा पालथे पडून, आग आग होत असताना, आनंदाने ओरडत होते, "लहानपनी मले कांजन्या झाल्या होत्या, जवाईबापू! लहानपनच्या कांजन्याइचा चोर आतच लपेल होता. पाहारेकरी गांगरला अन् हा उठला! मी म्हनत नव्हतो?" मला त्यावेळी एवढंच वाटलं की पन्नाशीच्या पुढचा माणूस थंडीच्या वाऱ्यात दिवसभर पाळण्यात बसला तर आजारी पडायला त्याला रशियाची गरज नाही. अजूनही मला बहुतेक तसंच वाटतं. पण आता अंतराळात माणसं महिनोन्‌महिने राहून येतात, आणि त्यांचं रक्त तपासणारे सांगतात की तिथे शरीराचा पहारा ढिला पडतो, आत निजलेले जुने विषाणू डोकं वर काढतात, पेशींमधली काही जनुकं जागी होतात तर काही गप्प बसतात. असं काही वाचलं की मी पेपर खाली ठेवतो आणि बायकोकडे बघतो. ती म्हणते, "मामांना सांगू नका हं, परत पाळण्यात बसतील." मामांना जाऊन आता किती वर्षं झाली.

मामा नागिणीने पडून होते तेव्हाच बाजारात कळलं की ती कुत्री मेली. मामींनी ते शेठच्या दुकानातच ऐकलं. त्यांनी तिथेच ओट्यावर उभं राहून सगळ्यांना बजावलं, "थे उठून बसेपर्यंत कोनी तोंडातून काडाचं नाई. इचारलं तं बरी हाय म्हना." मंगरूळपीरच्या बाजाराने एखादी गोष्ट इतक्या एकजुटीने केलेली मी त्याआधी पाहिली नव्हती आणि नंतरही नाही. शेठ सरकीच्या पोत्यांवरून उठून मामांना भेटायला आले आणि म्हणाले, कुत्री मजेत आहे, खाऊन राह्यली. दुसऱ्या दिवशी शिंपी आला. त्याला शेठपेक्षा कमी माहिती आहे असं दिसणं परवडणार नव्हतं. तो म्हणाला, काल ती भुंकली, रेडिओवर ऐकू आलं. कापडवाल्याने सांगितलं की ती आता वजनाने भरली आहे. मामा हे सगळं मनात जुळवत. "परवा कुठी खाऊन राह्यली म्हंता, अन् आज लगेच भरली कसी?" ते विचारत, आणि कापडवाला घाम पुसत घरी जाई. शिंपी तर कामातून गेला. त्याने एकदा, नुसतं बोलण्याच्या भरात, कुत्री शिंकली असं सांगितलं. मामा उठून बसले. "कितीक शिंकली? सकाळी का संध्याकाळी?" शिंपी बाहेर आल्यावर मामींनी त्याची दारातच अशी काही हजेरी घेतली की दुसऱ्या दिवशी तो कुत्री ठणठणीत बरी झाल्याची खबर घेऊन शेठच्याही आधी हजर झाला.

बरं वाटू लागल्यावर मामा मानोऱ्याच्या बाजूच्या एका तांड्यावर निघाले. मी सुट्टी होती म्हणून बरोबर गेलो. आता दारं लागत नव्हती. माणसं ओट्यावर येऊन बसत, "डाक्टरीनबाई नाई आल्या का?" असं विचारत, आणि जरा नाराजीने का होईना बाही वर करत. एक म्हातारी टोचून घेता घेता म्हणाली, "तुह्या पाळण्याची गोठ माह्या पोरानं सांगितली रे डाक्टर. तू त्या कुत्रीसाठी बसला होता म्हंते. थे तं मेली ना?" मामांचा हात क्षणभर थांबला. मग त्यांनी टोचणी फिरवली, दंड पुसला, म्हातारीला आजच्या दिवस पाणी लावू नको म्हणून सांगितलं, आणि पुढच्या माणसाला बोलावलं.

परतताना अडाण नदीच्या काठाशी त्यांनी सायकल थांबवली. मडकं सावलीत ठेवलं. "तुमाले ठाव होतं?" मी मान हलवली. "मामीनं सांगितलं असंन, बोलू नका म्हून." मी म्हणालो, तुमची तब्येत बरी नव्हती. "मेली त्याचं मी म्हनत नाई, जवाईबापू. जनावर हाय, मरते. पन तिले परत आनाची सोय केली होती का हो त्याइनं?" मी पेपरात वाचलं होतं. मी म्हणालो, नाही. "सोयच नोती?" नाही. मामांनी मडक्यावरचं फडकं नदीत भिजवून परत गुंडाळलं. "आपन टोचतो," ते म्हणाले, "अन् आठव्या दिवसी पाहाले जातो. पान्यात जातो, चिखलात जातो, लोक शिव्या देतात तरी जातो. टोचलं अन् पाहाले गेलोच नाई, तं मंग टोचाले कायले गेलो होतो?" त्यांनी टोपी काढून डोक्यावरून पाण्याचा हात फिरवला, सायकल घेतली, आणि आम्ही घरी आलो. मामींनी त्यांच्या तोंडाकडे एकदा पाहिलं आणि काही न विचारता ताट वाढलं.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी मामा बाजारात निघाले. मला भीती वाटली की आता शिंप्याची काही खैर नाही, म्हणून मी मागोमाग गेलो. डाक्टरला कळलं, ही बातमी त्यांच्या आधी पोचली होती. ओट्यावर शेठ, कापडवाला आणि शिंपी होते. मामांना पाहताच तिघांनाही अचानक काम सुचलं. शेठ पोत्याचं तोंड शिवू लागले. रेडिओ हळू आवाजात चालू होता. मामा ओट्यावर बसले, टोपी गुडघ्यावर ठेवली.

"काहून गप झाले?" मामा म्हणाले. "आता लांबून तं बोलनं आयकू येऊन राह्यलं होतं."

शिंपी खाली बघत म्हणाला, "डाक्टर, आमचं चुकलं..."

"थे राहू द्या. मी तिकडं तांड्यावर गेलतो, म्हून कालची खबर मले भेटली नाई." मामांनी तिघांकडे पाहिलं. "कसी हाय ते?"

तिघांनी एकमेकांकडे पाहिलं. शेठची सुई थांबली. कापडवाल्याने मान वळवली. शिंप्याने हातातला दोरा दाताने तोडला, तो उगाचच बोटाला गुंडाळला, आणि हळू आवाजात म्हणाला, "काल वरते थंडी लय होती म्हंते, डाक्टर. शेपटीत तोंड खुपसून झोपेल होती."

मामा थोडा वेळ मान हलवत राहिले.

"नाक कोरडं तं नाई ना पडलं?"

"नाई," शिंपी म्हणाला. "ओलं हाय."

"मंग झोपू द्या," मामा म्हणाले. कापसाचे भाव अजून सांगून झाले नव्हते, तरी शेठनी हात लांब करून रेडिओ बंद केला.